तीन म्हणजे न्यूट्रल

भाजीबाजाराच्या तोंडाशी, मागे कांद्यांचा हातगाडा आणि पुढे रस्ता अडवून उभी असलेली गाय, अशा जागी बाबांच्या स्कूटरची गिअरची केबल तुटली. मी मागे बसले होते, मांडीवर मेथीची जुडी आणि वांगी. बाबांनी मूठ फिरवली, ती आटे गेलेल्या नळासारखी नुसतीच फिरली. स्कूटर तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली आणि गाय हलायला तयार नाही. बाबा आधी गाईवर ओरडले, मग हातगाडीवाल्यावर, आणि ओरडायला दुसरं कोणी उरलं नाही तेव्हा माझ्यावर.

"तूच हालली असशीन मांगं!"

माझ्या हालण्यानं केबल कशी तुटेल, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बाबांनी वडनेरला उभी हयात किराणा दुकान चालवलं. गिऱ्हाईक काहीही म्हणो, चूक समोरच्याची, हा त्यांचा दुकानातला नियम होता. दुकान बंद करून ते आणि आई माझ्याकडे वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला आले, तेव्हा सोबत दोन ट्रंका, एक तराजू आणि ही स्कूटर टेम्पोत घालून आणली. तराजू माळ्यावर गेला. स्कूटर मात्र रोज पुसली जायची. डाव्या मुठीला गिअर असलेली ती जुनी स्कूटर. मूठ फिरवली की हँडलमधून निघालेल्या दोन केबली खाली इंजिनापर्यंत जातात आणि गिअर बदलतात. एक केबल एका बाजूला ओढते, दुसरी दुसऱ्या बाजूला.

आम्ही ती ढकलत मेकॅनिककडे नेली. त्यानं खाली वाकून पाहिलं, हात झटकले आणि म्हणाला, "दादा, याची कंपनीची केबल आता भेटत नाई. आता हिले भंगारात देऊन टाका."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं आईलाच भंगारात द्यायला सांगितलं. स्कूटर वळवली आणि उन्हात घरापर्यंत ढकलत आणली. म्हणजे हँडल त्यांनी धरलं, ढकललं मी.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून माझ्या बिनगिअरच्या गाडीवरून परत येताना मी पार्ट्सच्या दुकानात चौकशी केली. दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ बसलेली पिशवी काढली. "कंपनीची नाई, लोकल हाये. दिल्लीचा माल. पण मजबुतीत कंपनीले ऐकत नाई."

"बसेल ना?"

"बसते ना मॅडम. जोडीच येते, आन् थोडी लांब, इतकंच. बसवणाऱ्याले जमलं पाह्यजे."

बसवणारे आमच्याकडे दोघे तयारच होते. एक बाबा. दुसरे शेजारचे काका, वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. सगळी कॉलनी त्यांना वायरमनकाका म्हणते. तार हा शब्द कानावर पडला की ते कुंपण ओलांडून येतात. रविवारी सकाळी ते आपली पक्कड, कटर आणि एक जुनी चटई घेऊन हजर झाले.

"शेठ, हे तं काईच नाई," ते म्हणाले. "म्या अकरा हजाराच्या लाइनवर काम केलं. हे दोन केबल काय चीज हाये!"

"पण थ्या लाइनले गेर नव्हते," आई ओट्यावरून म्हणाली. तिनं त्या सकाळी कुरड्या घातल्या होत्या. गेटसमोर जुनं लुगडं अंथरून त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरड्या वाळत होत्या, आणि हातात काठी घेऊन ती कावळ्यांवर आणि आमच्यावर एकत्रच लक्ष ठेवून होती.

जुनी तार बाहेर ओढून नवी आत घालायची, एवढंच काम. पण नवी तार आतल्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडायची. वायरमनकाकांनी तेल सोडलं. बाबांनी फुंकर मारली. मग दोघांनी एकमेकांना दोष दिला. तास-दीड तास असा गेल्यावर आई उठली, म्हणाली, "परकरात नाडी कशी घालतेत ठाऊक हाये का तुमाले? दुसरी केबल अजून जुनीच हाये ना आत? थिले ओढाच्या अगुदर नवी थिच्या शेपटाले बांधा, मंग ओढा."

दोघांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती कुरड्यांकडे वळल्यावर हळूच तसंच केलं. दुसरी केबल सर्रकन गेली. पहिली तुटकी होती, तिथं आईचीही युक्ती चालली नाही. ती शेवटी देवाचं नाव घेत, पिळत पिळत, कशीतरी गेली.

नव्या तारा खरंच लांब होत्या. इंजिनापाशी कसून बांधल्यावर वीतभर शेपट्या बाहेर लोंबत राहिल्या. वायरमनकाकांना लोंबतं काही सहन होत नाही. नोकरीच्या सवयीनं त्यांनी कटर लावला आणि टक्, टक्, दोन्ही शेपट्या नटापाशी साफ उडवल्या.

"फिनिशिंग," ते म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

बाबा सीटवर बसले. मूठ न्यूट्रलवर आणली, दिमाखात आमच्याकडे पाहिलं आणि किक मारली. स्कूटरनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"न्यूट्रलवर नाई वाटते," काका म्हणाले.

"न्यूट्रलवरच हाये! डोळे फुटले काय?" बाबांनी पुन्हा किक मारली. पुन्हा उडी. बाबांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट झाली नाही तर ती तशीच पण जोरात करायची. लाथेगणिक स्कूटर फूटभर पुढे जाऊ लागली. आईच्या ध्यानात आलं तोवर पुढचं चाक लुगड्यावर चढलं होतं, आणि ओल्या कुरड्यांच्या मधोमध एक नक्षीदार पट्टा उमटला होता.

 आईनं काठी जमिनीवर एकदा आपटली आणि ती आत गेली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग वायरमनकाका खाली वाकले, मूठ मला फिरवायला लावली, चाक हातानं फिरवून पाहिलं, आणि बऱ्याच वेळानं बसूनच म्हणाले, "शेठ, केबली अदलाबदल झाल्या."

झालं असं होतं, की वरची केबल खालच्या जागी आणि खालची वरच्या जागी बसली होती. मुठीवरचा क्रम एक, न्यूट्रल, दोन, तीन, चार; तो सगळा उलटा झाला होता, त्यामुळे मुठीवर एक दाखवलं की इंजिनात चौथा गिअर पडायचा. चारवर नेलं की पहिला. मूठ न्यूट्रलवर असली की इंजिन तिसऱ्यात, आणि खरं न्यूट्रल सापडायचं मुठीवरच्या तीनमध्ये. मधला दोन तेवढा दोनच राहिला होता.

"मंग बदला ना परत," मी म्हटलं.

काकांनी तारांच्या छाटलेल्या टोकांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या आता आहेत तिथंच जेमतेम पोचत होत्या, जागा बदलायच्या तर दोन बोटं कमी पडत होत्या.

"फिनिशिंग," बाबा म्हणाले.

दुकानदारानं सांगितलं, तसल्या केबलींची ती शेवटची जोडी होती, आता नागपूरहून माल येईल तेव्हा. आठेक दिवस धरून चाला. खरा घोळ पुढेच होता. त्याच आठवड्यात हिंगणीला माझ्या आत्याच्या नातीचा साखरपुडा होता, आणि बाबा आत्याचे एकुलते एक भाऊ.

"बसनं जाऊ," आई म्हणाली.

"स्कूटर असताना बसनं काऊन जाचं?" बाबा म्हणाले. खरं कारण मला ठाऊक होतं. हिंगणीच्या बसचा थांबा त्या मेकॅनिकच्या दुकानासमोरच होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे आमच्या ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटांच्या रस्त्यावर सराव करू लागले. मी फिरायला निघाले की त्यांचा आवाज ऐकू यायचा. "चार म्हणजे एक. तीन म्हणजे न्यूट्रल. दोन म्हणजे दोन." मध्येच इंजिन कण्हायचं, मग बाबांची एक शिवी, मग पुन्हा पाढा. एका कोपऱ्यावर स्कूटर थांबवून मला म्हणाले, "पाह्य बाई, सारी जिंदगी म्या दोन नंबरचा धंदा नाई केला. आन् आता या गाडीत दोन नंबरच तेवढा इमानदार निंगाला."

साखरपुड्याच्या सकाळी आईनं नवी साडी नेसली, पर्स घेतली आणि स्कूटरला लांबून वळसा घालून बसच्या थांब्याकडे गेली. मी बाबांच्या मागे बसले. कोणीतरी बसायलाच हवं होतं.

त्या प्रवासाबद्दल मी एवढंच सांगेन, की वर्धा ते हिंगणी रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. सरळ रस्त्यावर बाबा मजेत असायचे. गतिरोधक दिसला की मोठ्यानं हिशोब सुरू व्हायचा. "आता चौथ्यात हाये, म्हणजे एकवर. दोनवर न्याचं. दोन म्हणजे..." "दोन!" मी मागून ओरडायचे. सेलूपाशी समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा बाबांची जुनी सवय जागी झाली, त्यांनी थांबण्यासाठी मूठ न्यूट्रलवर आणली, क्लच सोडला, आणि स्कूटर एक हिसका देऊन ट्रॅक्टरच्या दिशेनंच पुढे झेपावली. ट्रॅक्टरवाला शेतात उतरला. खरंच उतरला, चण्याच्या काडातून गेला आणि पुढे जाऊन परत रस्त्याला लागला. तेवढ्यात मागून बस आली. खिडकीत आई. तिनं आम्हाला ओळखलं, आणि एखादा मंत्री मोटारीतून करतो तसा सावकाश हात हलवला.

हिंगणीला आत्याच्या अंगणात मांडव घातला होता, आणि सगळेजण दबक्या आवाजात बोलत होते. आईनं मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे त्याच्या आत्याचे यजमान, रुसले होते. त्यांना घ्यायला फाट्यावर कोणी गेलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात फुफाजींचं रुसणं ही रीतच होती म्हणे. त्यांना मनवल्याशिवाय कोणतंच कार्य पुढे जात नसे. ते मांडवाबाहेर कडुनिंबाखाली खुर्ची घेऊन, तोंड शेताकडे करून बसले होते. चहा नेला तर म्हणत, "नोको." पाणी नेलं तर, "कायले?" नवरदेवाचे वडील दर थोड्या वेळानं जाऊन हात जोडून येत होते. नवरी आत तयार होऊन बसली होती आणि तिच्या केसांतला गजरा मलूल व्हायला लागला होता.

बाबांनी स्कूटर नेमकी मांडवाच्या कमानीसमोर स्टँडवर लावली आणि हातपाय धुवायला मागे गेले. फोटोवाला ओरडला, "ही गाडी हटवा कोणी, फोटोत येते!"

तेव्हा फुफाजी उठले. त्यांना बहुधा उठायला काहीतरी निमित्त हवंच होतं, आणि कोणी मनवलं म्हणून उठलो असंही दिसायला नको होतं. "सरका," ते म्हणाले. "अशी स्कूटर म्या उभी जिंदगी चालवली." त्यांनी मुठीकडे पाहिलं. बाबांनी ती तीनवर, म्हणजे खऱ्या न्यूट्रलमध्ये ठेवली होती. "पाहा, तिसऱ्यात गाडी उभी करते. कोन मानूस हाये हा?"

मी धावत गेले. "फुफाजी, थांबा! न्यूट्रल तीनमध्येच हाये!"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी अर्ध्यावर थांबले. "माय, मले शिकवते का तू?"

त्यांनी मूठ न्यूट्रलवर आणली आणि स्टँडवरच किक मारली. मागचं चाक हवेत होतं, त्यामुळे इंजिन सुरू झालं आणि चाक गरगर फिरू लागलं. ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी ऐटीत रेस वाढवली आणि स्कूटर स्टँडवरून खाली ढकलली.

पुढचं फार लवकर झालं. स्कूटर फुफाजींना घेऊन कमानीतून मांडवात शिरली, फोटोवाला खुर्चीवर चढला, गाद्यांच्या ढिगात पुढचं चाक घुसलं आणि ती थांबली. पण फुफाजी थांबले नाहीत. ते गाद्यांवरून घरंगळत पलीकडे गेले. तिथं मठ्ठ्याचं पातेलं होतं. ते कलंडलं आणि कोथिंबीर, जिरं आणि हिरवी मिरची लावलेला सगळा मठ्ठा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून वाहत गेला.

 आत्यानं कपाळाला हात लावला. कोणीतरी म्हातारी पुटपुटली, "अपशकुन." नवरदेवाच्या वडिलांचा चेहरा असा झाला की आता ते मोटारीत बसून निघूनच जाणार. मला लग्न मोडलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि त्यामागे दिल्लीचा माल.

तेवढ्यात बाबा तोंड पुसत मागून आले. त्यांनी दृश्य पाहिलं. लागलं का, असं विचारायचं सोडून फुफाजींना म्हणाले, "तुमची काई चूक नाई बुवा. न्यूट्रल तीनमंधी हाये."

"तीनमंधी?" फुफाजी मिशीवरची कोथिंबीर काढत म्हणाले. "काऊन?"

"केबली उलट्या बसल्या."

"म्हंजे चारवर पहिला पडते?"

"हाव."

"आन् एकवर चौथा?"

"हाव."

"आन् दोन?"

"दोन म्हणजे दोन."

फुफाजी उठून बसले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते काहीतरी वेगळंच होतं, मी ते वर्गातल्या पोरांच्या डोळ्यांत अवघड कोडं घातल्यावर पाहिलं आहे. "आन् तुमी हे वर्ध्याहून इथवर आनली?"

"आनली ना."

"द्या इकडं."

नवरदेवाची आई म्हणाली, "अहो, सदरा तरी बदला." त्यांनी सदरा बदलला नाही. मठ्ठ्यासकट स्कूटरवर बसले. बाबा मागे बसले आणि कानात पाढा म्हणू लागले. पहिल्या प्रयत्नात दोघे मांडवाच्या खांबापर्यंत गेले. दुसऱ्यांदा शाळेच्या वळणापर्यंत. मग दिसेनासे झाले. गावातून मध्ये मध्ये इंजिनाचं कण्हणं ऐकू यायचं, त्यानंतर कुत्र्यांचं भुंकणं, मग दोन म्हाताऱ्यांचं हसणं. काही वेळानं गावाबाहेरच्या धरणाच्या रस्त्याकडून आवाज आला. मग तोही बंद झाला.

इकडे मुहूर्त जवळ आला. बोलवायला माणूस पाठवला, तो एकटाच परतला. म्हणाला, "थे थांबतच नाईत. म्हणतेत, थांबवता आली की येतो." शेवटी भटजींनी घड्याळ दाखवलं, नवरदेवाच्या वडिलांनी डोळे मिटून होकार दिला आणि साखरपुडा झाला. अंगठी घालताना नवरीला मांडवात सांडलेला मठ्ठा दिसला आणि ती खुदकन हसली. नवरदेवही हसला. तोवर दोघं एकमेकांकडे परीक्षेतल्या प्रश्नपत्रिकेसारखं बघत होते. अपशकुन म्हणणारी म्हातारीही पदर तोंडाला लावून हलत होती.

पंगत बसली, जिलबी वाढायला घेतली, तेव्हा स्कूटर आली. कमानीसमोर येऊन सुरेख, जराही हिसका न देता थांबली. फुफाजींनी दोन्ही हात वर केले. "जमलं!"

मग त्यांना नवरदेवाच्या बोटातली अंगठी दिसली. सगळ्या पंगतीनं घास तसेच धरले. त्यांच्याशिवाय कार्य उरकलं होतं. यावर तर ते वर्षभर रुसू शकले असते.

"झालं का?" फुफाजी म्हणाले. "बरं झालं. भूक लागली. वाढा." आणि बाबांना हाताला धरून शेजारी बसवलं. नवरदेवाची आई नंतर आईला म्हणाली, की लग्न होऊन आल्यापासून फुफाजींना न मनवता जेवलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

परतीला मी आईबरोबर बसनं आले. बाबा एकटे आले. आमचा चहा होऊन, कपही धुऊन झाले होते. पण चेहरा असा, की जणू धरण फिरून नाही, बांधून आले.

नागपूरचा माल आला तशी बाबा नव्या केबली घेऊन त्याच मेकॅनिककडे गेले. त्यानं गप्प राहून काम केलं, बाबांनी गप्प राहून करवून घेतलं. गिअर सरळ झाले. फक्त बाबा सरळ झाले नाहीत. हात आता उलटं शिकला होता, डोकं सुलटं सांगत होतं, आणि चौकात दोघांचं भांडण व्हायचं. स्कूटर सिग्नलला उड्या मारायची आणि चढावर बंद पडायची. आईनं जेवणाच्या ताटावर एकदाच सांगितलं, "आता पडान कुठंतरी."  दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला ले-आउटमध्ये नेलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुह्या डोक्यात अजून काईच भरलं नाई. तू शिक."

गिअरची गाडी मला कधी कोणी शिकवली नव्हती. बाबांनी फार आरडाओरडा करून शिकवली. क्लच सोडायला मी घाबरायचे, ते बाजूनं धावत यायचे, मग धाप लागून प्लॉटच्या दगडावर बसायचे आणि तिथूनच हातवारे करायचे. वायरमनकाका कुंपणाशी उभं राहून बघत. त्यांच्या हातात पक्कड दिसली की बाबा लांबूनच ओरडत, "काका, तुमी नोको!"

आता बाजाराला स्कूटर मी नेते. आई मागे बसते, पर्स मांडीवर, पाठ ताठ. बाबा आमच्या मागून माझ्या बिनगिअरच्या गाडीवर येतात. ती आपोआप पळते, त्यात बदलायचं काहीच नाही, आणि त्यांना तेच आवडत नाही. परवा वळणावर मी आरशात पाहिलं, तर ते डाव्या मुठीला धरून जोर लावत होते. ती फिरणारी मूठच नाही. पण बाबा ती पिळत होते, आणि ओठ हलत होते.